इद्दतीचा सत्तरावा दिवस

मैमूना आपा गेल्या तेव्हा शोकसभेत अकरा भाषणं झाली. कुणी त्यांना ज्ञानाचा सागर केलं, कुणी दीपस्तंभ केलं. सत्कार समारंभांना सरावलेली माणसं ती. एकाने तर भरात येऊन पुढील वाटचालीस शुभेच्छाही देऊन टाकल्या. कोल्हापूरच्या शनिवार पेठेतल्या त्या अरुंद बोळातून आपांनी वीस वर्षांत किती मुली मास्तरणी केल्या, किती नर्स केल्या, याची यादी वाचली गेली. नवऱ्यानं टाकलेल्या बायकांना घेऊन त्या कुणाकुणाच्या दारात उभ्या राहिल्या, तेही सांगून झालं. १९६६ सालच्या एप्रिल महिन्याचं नाव मात्र कुणी काढलं नाही. ज्यांना ठाऊक होतं ते चहाच्या कपात बघत बसले. मला त्याचा राग आला आणि अजून येतो, म्हणून तेवढंच सांगतो.

आपा मूळच्या पन्हाळ्याच्या. वडील काझी. घरात अरबी-फारसी किताबांच्या दोन पेट्या आणि मुलगा एकही नाही, तेव्हा त्यांनी दोन्ही पेट्या मुलीपुढे रिकाम्या केल्या. लग्न होऊन आपा कोल्हापुरात आल्या त्या इलाही मणेरांच्या घरी. इलाही मास्तर नगरपालिकेच्या शाळेत शिकवायचे. गडहिंग्लजपर्यंतची माणसं धर्मातले मसले, म्हणजे अडलेले प्रश्न, मास्तरांना पत्रानं विचारत. पत्र मास्तरांच्या नावानं यायचं, उत्तर आपा लिहायच्या आणि खाली सही मास्तर ठोकायचे. मित्रांत ते उघड सांगायचे, की आमच्या घरात शिकलेलं माणूस एकच, मी आपला सहीपुरता.

आपांनी ओसरीवर मुलींचा वर्ग काढला तो त्रेसष्ट साली. आईबापांनी मुली पाठवल्या कुराण शिकायला. आपा तासभर कुराण शिकवायच्या आणि मग बिनबोभाट मराठी, गणित, भूगोल काढायच्या. बोळातल्या बापांना हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं आणि ते गप्प होते, कारण आपा कडक होत्या. पडदा, नमाज, रोजे, कशातही त्या कुणाला सूट देत नसत. जिथं पुरुष 'चालतंय की' म्हणायचे तिथं आपांच्या कपाळाला आठी पडायची. अशा बाईच्या हाताखाली पोरगी बिघडणार नाही, एवढी खात्री बापांना होती. हा कडकपणाच आपांचं सगळं भांडवल होता, आणि हे त्यांना स्वतःला पक्कं ठाऊक होतं.

पासष्ट सालाअखेर सहा मुली सातवीच्या फायनलला बाहेरून बसण्याजोग्या तयार झाल्या. सातवी पास झाली की मुलीला मास्तरकीच्या ट्रेनिंगचं नाहीतर नर्सिंगचं दार उघडायचं. पास नाही झाली की लग्न, त्यात तिसरं काही नव्हतं. सहांतली सगळ्यात हुशार हाजरा, आपांचे दीर दस्तगीर यांची मुलगी. दस्तगीरभाईंचं बोळाच्या तोंडाशी बांगड्यांचं दुकान होतं आणि बोळातल्या जमातीत त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नसे. परीक्षेचं केंद्र शाहूपुरीतल्या एका शाळेत. दस्तगीरभाईंनी बरंच डोकं खाजवलं आणि मग अट घातली.

"भाभी, तुमी सोता घेऊन जानार, तिथं दारात बसनार आन् घेऊन येनार. दुसऱ्या कुनाबरोबर आमच्या पोरी जायच्या न्हाईत."

आपांनी शब्द दिला. बाकीच्या पाच घरांनीही तोच शब्द धरून अर्जावर सह्या केल्या, अंगठे उठवले.

आठ फेब्रुवारीला, ईद होऊन दोनच आठवडे झालेले, इलाही मास्तर शाळेतून आले, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत गेले. आपांची इद्दत सुरू झाली. नवरा गेलेल्या बाईनं चार महिने दहा दिवस त्याच घरात काढायचे, नटायचं नाही, उंबरा ओलांडायचा नाही. आपा आतल्या खोलीत बसल्या. दहाव्या दिवशी त्यांनी मुलींना परत बोलावलं आणि खोलीतूनच शिकवायला लागल्या. रडू आलं की भूगोल काढायच्या. भूगोलात रडण्याजोगं काही नसतं, असं त्या पुढे सांगत.

मार्चच्या शेवटी मास्तरांचे सोबती अंबादास मास्तर दारावर आले आणि पडद्याआड उभं राहून सहा मुलींच्या रिसिटा, म्हणजे परीक्षेची प्रवेशपत्रं, त्यांनी आत सरकवल्या. पेपर अठरा, एकोणीस, वीस एप्रिलला, रोज सकाळी अकरा वाजता. आपांनी बोटं मोजली. अठरा तारखेला इद्दतीचा सत्तरावा दिवस येत होता. पुढे साठ दिवस उरत होते.

दस्तगीरभाईंनीही मोजलं होतं. ते आले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, की नशिबापुढं कुणाचं काय चालतं, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी! सहांतल्या दोघींची लग्नं पावसाळ्याआधी ठरत होती आणि हाजराला बघायला मिरजेचे लोक येऊन गेले होते. पुढचं वर्ष हे कुठल्या कॅलेंडरात नाही, हे दोघांनाही कळत होतं.

आता खरी गोष्ट अशी, की किताबात वाट होती. विधवेला इद्दतीत दिवसाउजेडी, निकडीच्या कामाला, पोटापाण्याला बाहेर जाता येतं; रात्रीला मात्र आपल्या घरात आलं पाहिजे. जुन्या जाणत्यांनी हे स्पष्ट लिहून ठेवलंय आणि आपांनी ते पन्हाळ्यात वयाच्या चौदाव्या वर्षीच वाचलं होतं. मग अडलं कुठं? दिराला बोलावायचं, पान काढून दाखवायचं, संपलं.

अडलं होतं छोटीबीपाशी. छोटीबी बागवान कपिलतीर्थ मंडईत फळं विकायची. त्रेसष्ट साली तिचा नवरा गेला. पदरात तीन लेकरं, घरात दाणा नाही. अकराव्या दिवशी तिनं निरोप धाडून आपांना घरी बोलावलं आणि विचारलं, की दिवसा मंडईत बसून दिवेलागणीला परत आले तर चालेल काय. आपांना उत्तर येत होतं. पण त्याच महिन्यात ओसरीवरचा वर्ग सुरू व्हायचा होता. दस्तगीरभाई आणि त्यांचे चार सोबती बाई कशी आहे ते पारखत होते. पहिल्याच मसल्याला बाई सवलत वाटतेय, असं झालं असतं तर ओसरीवर एक पोरगी आली नसती. आपा म्हणाल्या, "नाही. घरातच बस. जमात धान्य धाडील."

जमातीनं धान्य धाडलं सहा आठवडे. पुढं जमात विसरली. छोटीबी चार महिने दहा दिवस काढून मंडईत गेली तेव्हा तिच्या जागेवर दुसरी बाई बसली होती. तेव्हापासून छोटीबी डोक्यावर पाटी घेऊन दारोदार केळी विकायची. आणि तिची थोरली मुलगी सुग्रा या सहा मुलींतली एक होती.

आपांनी पंधरा दिवस किताबं उपसली. विद्वान माणसाला हवं ते सापडतं, ही विद्येची खोड आहे. आपांनाही सापडलं. मुलींना इल्म, म्हणजे विद्या, देणं हे सगळ्यांच्या वतीनं केलेलं कर्तव्य, तेव्हा ते करणारीला खास मुभा असू शकते, असा एक मुद्दा त्यांनी बांधला. त्यात पोटापाण्याचा उल्लेख नव्हता, दिवसाउजेडाच्या साध्या वाटेचा नव्हता, म्हणजेच छोटीबी नव्हती. सुबक अक्षरात दोन पानं लिहून त्यांनी दस्तगीरभाईंकडे पाठवली. लिहिताना आपलीच लाज वाटत होती, असं त्यांनी फार वर्षांनी मला सांगितलं. तरी लिहिलं.

दस्तगीरभाई संध्याकाळी आले आणि पडद्यापाशी बसले. पानं त्यांनी दोनदा वाचली होती. माणूस काही मूर्ख नव्हता.

"ठीक हाय, भाभी. तुमच्या कामापुरतं हे मान्य. पोरी येतील. पर बायकांस्नी ह्यातलं काय सांगू नका. एकीला सांगितलं की उद्या बोळातली हर एक बेवा उंबऱ्याबाहेर दिसंल. आन् तसं झालं तर मी पोरी घेऊन घरी बसवीन."

आपा 'बरं' म्हणाल्या. सहा मुलींची परीक्षा त्या एका शब्दावर सुटली. त्यांना वाटलं होतं, आता हलकं वाटेल. उलट खोलीच्या भिंती जवळ आल्यासारखं झालं. तीन वर्षांपूर्वी गप्प बसून वर्ग मिळवला होता. आता परीक्षा मिळवायला पुन्हा गप्प बसायचं होतं, आणि हे किती वेळा करावं लागेल याचा काही अंदाज येत नव्हता. इद्दतीला निदान शेवटचा दिवस असतो.

सोळा तारखेला, शनिवारी दुपारी, छोटीबी आली. केळ्यांची पाटी बाहेर ठेवून ती आतल्या खोलीत येऊन बसली. ओसरीवर मुली उजळणी करत होत्या, त्यांच्या आया शेजारी बसलेल्या. छोटीबीनं आवाज चढवला नाही.

"आपा, सुग्रा म्हनली तुमी सोमवारी टांग्यातनं जानार हाय. पोरींसाठी जाताय, बरं हाय. मला एवढंच सांगा, तुमास्नी जायाला येतंय, तर मला का येत नव्हतं?"

ओसरीवरची उजळणी थांबली. आपांजवळ दोन पानांचं सुबक उत्तर तयार होतं. छोटीबी निरक्षर होती. ते ऐकून तिनं मान डोलावली असती आणि पाटी उचलून गेली असती. तसं झालं असतं तर सोमवारी सहाही मुली टांग्यात बसल्या असत्या, सुग्रासुद्धा. आपांच्या डोळ्यांपुढे हे सगळं स्वच्छ होतं. हाजराचं वहीवर वाकलेलं डोकंही त्यांना दारातून दिसत होतं.

"तुलाही जाता येत होतं," आपा म्हणाल्या. "किताबात आहे. तेव्हाही मला माहीत होतं. वर्ग चालू व्हावा म्हणून मी तुला नाही म्हटलं."

 छोटीबी उठली, बाहेरची पाटी डोक्यावर घेतली आणि गेली. आयांनी एकमेकींकडे पाहिलं आणि एकेक करून मुलींना उठवलं.

दिवेलागणीपर्यंत बोळभर झालं. दस्तगीरभाई घरी आले नाहीत. दुकानातल्या माणसाकडून निरोप आला, की हाजरा परीक्षेला बसणार नाही. पाठोपाठ चार घरांचे निरोप आले. एकाला मुलीचा ताप आठवला, एकाला गावाकडची सोयरीक. एका बापानं तेवढं खरं काय ते कळवलं. ज्या बाईनं तीन वर्षं एक मसला दाबून ठेवला, तिनं आणखी काय काय दाबलं असेल कुणास ठाऊक, असं त्याचं म्हणणं.  आधी छोटीबीचं नुकसान केलं होतं, आता पाच मुलींचं. शनिवारची आणि रविवारची रात्र त्यांनी बसून काढली. खरं बोलल्याचं समाधान वगैरे असतं म्हणतात. त्यांना ते मिळालं नाही.

सोमवारी सकाळी टांगेवाल्या पिराजीनं ठरल्याप्रमाणे टांगा दाराशी आणला, मागं पडदा बांधून. सहा मुलींचं ठरलं होतं म्हणून भाऊबंदाचा दुसरा टांगाही सांगून ठेवला होता. तो रिकामाच परत गेला. साडेनऊ वाजता छोटीबी सुग्राला घेऊन आली. पोरीच्या वेणीला तेल लावलं होतं, हातात पुठ्ठा आणि दौत. आपा बुरखा घेऊन उंबऱ्यापाशी उभ्या होत्या. सत्तर दिवसांत ऊन अंगावर पडलं नव्हतं, ते पायांवर आलं.

"छोटीबी," त्या म्हणाल्या, "मला माफ कर."

छोटीबीनं आधी पोरीला टांग्यात चढवलं, तिचा परकर नीट सावरला.

"पोरगी तुमच्या हवाली करते, आपा. शिकवायला तुमच्यागत कुनी न्हाय. पर माफीचं मागू नका. माफ केलं तर तुमी सुटाल, आन् मी पाटी घेऊन हिंडतच ऱ्हानार."

आपा टांग्यात चढून बसल्या. पिराजीनं घोडा हाकला. बोळ अरुंद, त्यामुळे टांगा प्रत्येक उंबऱ्याला घासून जात होता. दारं लोटलेली होती. कुणी दगड मारला नाही, थुंकलं नाही. नुसती दारं लोटलेली. दस्तगीरभाईंचं दार तेवढं उघडं होतं. आत, पायरीच्या एक पाऊल मागं, हाजरा उभी होती. नवा परकर-पोलका, हातात पुठ्ठा, पुठ्ठ्याला चिमट्यानं लावलेली रिसीट. कुणी नेणार नाही हे तिला दोन दिवस माहीत होतं. तरी ती तयार होऊन उभी होती. तिच्या मागं अंधारात दस्तगीरभाईंचा सदरा दिसत होता.

पिराजीनं लगाम ओढला. घोडा थांबला. त्यानं मागं वळून पडद्याकडे तोंड करून हळूच विचारलं, "बाई, पोरीला हाक मारू काय? येईल ती."

आपांना ठाऊक होतं, हाजरा येईल. एका हाकेत ती बापाचा हात सोडवून टांग्यात येऊन बसेल, तीन पेपर देईल, पहिली येईल. आणि त्यानंतर या बोळातली एकही मुलगी, पुढं कितीही वर्षं, आपांच्या ओसरीवर पाठवली जाणार नाही. सुग्रा पडद्याच्या फटीतून मैत्रिणीकडे बघत होती.

"नको," आपा म्हणाल्या. "चल पुढं. अकराला पेपर आहे."