कफुई आजीचं बोलणं

घानातल्या आमच्या केटा गावच्या रेडिओवर मयताच्या आठवणींचा कार्यक्रम असतो. त्याची काटछाट सेलासी करते, मी निवेदन वाचतो. संगणकावर आवाजाची लांबच लांब पट्टी पसरते. कोण कुठे बोलू लागलं, कुठे थांबलं, तिथे ती रंगीत खूण लावून नाव लिहिते. मग या खुणेवरून त्या खुणेवर उडी मारायची आणि हवं ते साफ करायचं.

आग्बेको म्हातारा गेला, तेव्हा त्याची थोरली बायको कफुई आजी स्टुडिओत येऊन बोलून गेली. तो अंथरुणाला खिळला तेव्हा त्याचं हगणंमुतणं तिनं एकटीनं काढलं, भाऊबंदांपैकी कुणी फिरकलं नाही, असं तिनं स्पष्ट सांगितलं. जाताना सेलासीचा हात धरून म्हणाली, "पोरी, एवढं गावाला ऐकू दे गं." सेलासीनं तिच्या बोलण्याच्या दोन्ही टोकांना खुणा केल्या, मधली धाप नंतर काढणार होती.

दुपारी म्हाताऱ्याचा पुतण्या एलिकेम आला. तळलेला मासा खात आजीचं बोलणं ऐकत होता आणि त्याच तेलकट बोटांनी संगणकाचा पडदा चाचपत होता.

"ही काय बरळतेय? काढ ते."

"अहो, बायको आहे ती त्यांची," सेलासी म्हणाली.

"असेल. मयत आम्हा भाऊबंदांचं आहे."

सेलासी स्टेशनच्या साहेबांना बोलवायला धावली. मला बातम्या वाचायला आत जावं लागलं. आम्ही परतेपर्यंत त्यानं दोन खुणांमधलं सगळं पुसून मूळ फाइलवरच जतन केलं होतं.

"बरं झालं, तुझ्या खुणा होत्या," दात कोरत तो म्हणाला. "शोधत बसावं लागलं नाही."

साहेब म्हणाले, कार्यक्रमाचे पैसे त्यानं भरलेत, त्याची मर्जी. शिसारी आली मला त्या दोघांची.

संध्याकाळी आम्ही आजीला सांगायला गेलो, तर अंगण शेजारणींनी भरलेलं आणि मधोमध रेडिओ. तोंड उघडायची सोय नव्हती. एलिकेमचा आवाज आला, "काकांची शेवटपर्यंत सेवा आम्ही केली." आजीनं आवाज वाढवला. कार्यक्रम संपला तरी ती रेडिओकडेच बघत होती.

"माझं कधी गं?"

"कापलं, आजी. एलिकेमनं," सेलासी म्हणाली.

शेजारणी खाली बघू लागल्या. आजीनं स्वतःचे दोन्ही तळवे उलटेपालटे करून पाहिले.

"मग अंथरुणात त्याला पुसायचं कोण?" ती ओरडली. "हा एलिकेम?"