शिक्षा म्हणजे पढाई

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचं यंत्र माझ्या पोटावरून तीनदा फिरवलं आणि पडद्यावरची नजर न हलवता म्हणाल्या, "बच्चे की धड़कन नहीं मिल रही।"

"नहीं मिल रही मतलब?" मी विचारलं. दहा वर्षांच्या दिल्लीत 'मतलब' हा शब्द मी दिवसातून वीसदा वापरत होते, पण उत्तर ऐकायची इच्छा नसताना तो पहिल्यांदाच वापरला. त्यांनी यंत्र बाजूला ठेवलं, माझ्या पोटावरची जेल स्वतःच्या हातानं पुसली आणि नवऱ्याला आत बोलवायला सांगितलं. सातवा महिना चालू होता. चारच दिवसांपूर्वी बाळानं इतक्या जोरात लाथ मारली होती की माझ्या हातातला चहा सांडला होता.

मला रडू आलं नाही. त्या थंडगार खोलीत पहिला विचार आला तो हा की हे मीच केलं.

त्याचं कारण सांगायला हवं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. गुडगावात परदेशी कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि आमच्यासारख्या पुण्या-नगरकडून आलेल्यांना तिथे नोकऱ्या मिळू लागल्या होत्या. आम्ही पहाडगंजातली भाड्याची खोली सोडून दिल्लीच्या टोकाला, द्वारकेत स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो होतो. अर्ध्या इमारती नुसते सांगाडे, रस्त्याला दिवे नाहीत, आणि रिक्षावाल्याला द्वारका म्हटलं की तो मान फिरवायचा. मुलगी नऊ वर्षांची झाल्यावर मलाही गुडगावात नोकरी लागली. दहा वर्षं पोळ्या लाटल्यावर स्वतःचं टेबल, टेबलावर फोन आणि कुणीतरी आपल्याला 'मॅम' म्हणणं याची नशा काय असते, ते ज्या बायकांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. पाच महिने झाले आणि मला दिवस गेल्याचं कळलं.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर लाटणं आपटलं आणि रडत मोठ्यानं म्हणाले, "नको होतं मला हे. आत्ता नकोच होतं." नवरा टूरवर होता, मुलगी आतल्या खोलीत अभ्यासाला बसली आहे अशी माझी समजूत होती. माझ्या जिभेला हाड नाही हे माहेरी-सासरी सगळ्यांना ठाऊक आहे. महिना दीड महिन्यात राग ओसरला. ऑफिसात रजेचं बोलून ठेवलं, पिवळी लोकर आणून टोपडं विणायला घेतलं, रात्री कुशीवर वळताना पोट सांभाळायला लागले. बाळ हवंसं झालं होतं. पण बोललेलं वाक्य तसंच राहिलं होतं.

नगरला आमच्या शेजारच्या काकू म्हणायच्या, घरात अभद्र बोलू नये, वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो. आम्ही ख्रिस्ती. माझी आई ते हसण्यावारी न्यायची. आता वाटलं, काकूंचं बरं होतं, त्यांना दोष द्यायला वास्तुपुरुष तरी होता. आमच्याकडे ऐकणारा एकच, आणि तो प्रत्येक शब्द ऐकतो असं मला लहानपणापासून शिकवलेलं. मी कुणाला सांगितलं असतं तर बोलाफुलाला गाठ पडली म्हणून समजूत घातली असती. मी कुणालाच सांगितलं नाही.

मुलगा होता. नवरा आणि चर्चचे पाळकसाहेब त्याला पुरून आले. नवऱ्याच्या बुटांना ओली माती लागली होती, ती तो बाथरूममध्ये कितीतरी वेळ धूत होता.

पंधरवड्यानं आईचं आंतर्देशीय पत्र आलं. माझी आई बायबलबाई होती. चाळीस वर्षं नगरच्या आसपासच्या खेड्यांत हिंडून बायकांना शास्त्र म्हणजे बायबल वाचून दाखवणं, त्यांच्या दुखण्याखुपण्यात शेजारी बसून प्रार्थना करणं, हेच तिचं काम. इतरांच्या आयांकडे काढे असतात तशी तिच्याकडे प्रत्येक दुःखावर वचनं तयार असायची. "लेकीस प्रभूमध्ये सलाम" असं लिहून खाली तिनं नव्या करारातला एक अध्याय काढून वाचायला सांगितलं होतं. देवाची ज्याच्यावर प्रीती असते त्याला तो शिक्षा करतो, अशा अर्थाचं त्यात आहे. "तेव्हा खचू नको. तो तुला विसरलेला नाही," असं लिहून तिनं सही केली होती.

मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. स्वयंपाकघरातलं माझं वाक्य आईला कुठून ठाऊक असणार? आणि तरी तिनं सांत्वन म्हणून नेमका निकालच लिहून पाठवला होता. मी पत्राची घडी करून ते शास्त्रात खुपसलं आणि नवऱ्याला फक्त म्हणाले, आईचं पत्र आलंय, वाच हवं तर.

आमच्या घरी रोज संध्याकाळी जेवणाआधी प्रार्थना व्हायची. पाळीपाळीनं एकानं शास्त्रातला उतारा वाचायचा, आणि ज्यानं वाचला त्यानंच त्याचा बोध सांगायचा, दोन वाक्यांत, स्वतःच्या शब्दांत. ही माझ्या माहेरची रीत. नंतर प्रत्येकानं एकेक वाक्य प्रार्थना करायची. दवाखान्यातून आल्यापासून मी नुसती बसायचे. नवरा स्वतःचं वाक्य म्हणायचा, जरा थांबायचा आणि आमेन म्हणायचा. मुलगीसुद्धा गप्प बसते हे माझ्या लक्षातही आलं नाही. याची मला आजही लाज वाटते.

मुलगी दिल्लीत वाढलेली. लिपी एकच असल्यामुळे मराठी शास्त्र ती घडाघडा वाचायची, आणि अर्थ मात्र हिंदीतून लावायची. यावरून घरात पुष्कळ हसणं झालेलं. एकदा तिच्या बाई मला म्हणाल्या, "आपकी बेटी चेष्टा तो पूरी करती है," आणि मी तिला घरी आणून चांगलं झापलं. बाईंची चेष्टा करतेस? ती बिचारी रडत सांगत होती, "चेष्टा म्हणजे कोशिश, मम्मा."

पत्र आलं त्या संध्याकाळी वाचायची पाळी तिची होती. नवरा म्हणाला, "आजीनं पत्रात सांगितलंय ते वाच." तो भल्यासाठीच म्हणाला. तिनं पत्राची खूण धरून पान उघडलं आणि ते वचन आलं तेव्हा मी टेबलाची कड धरून ठेवली. वाचून झाल्यावर तिनं बोध सांगितला.

"म्हणजे देवाला जो बच्चा आवडतो ना, त्याला तो शिकवतो. शिक्षा म्हणजे पढाई. पप्पा मला बसवून मॅथ्स शिकवतात तसं."

मी भडकले. "शिक्षा म्हणजे पढाई नाही. मराठीत शिक्षा म्हणजे पनिशमेंट. इतकं साधं कळत नाही तुला?"

तिनं विचारलं, "पनिशमेंट कोणाला?"

"मला," मी म्हणाले. इतके दिवस मूग गिळून बसले होते, ते सगळं एकदम बाहेर आलं. "बाळ नको असं मी म्हणाले होते. तोंडानं म्हणाले होते. म्हणून."

नवऱ्याला हे ठाऊक नव्हतं. तो काही बोलणार, तेवढ्यात मुलगी अगदी हळू आवाजात म्हणाली, "तू नाही मम्मा. मी."

मला वाटलं, तिला काही समजलेलं नाही. पण ती सांगत गेली. "तू किचनमध्ये रडत होती ना, तेव्हा मी दरवाज्याच्या मागे होते. तू म्हणाली, नको होतं मला हे. मग मी रोज देवाला सांगितलं, मम्माला बाळ नको आहे, तू वापस घेऊन जा. रोज सांगितलं. मग तू टोपी बनवायला लागली तेव्हा मी बंद केलं. पण तोपर्यंत त्यानं ऐकलं असेल ना?"

पायाखालची जमीन सरकली असं म्हणतात ते काय असतं, ते मला दवाखान्यात नाही कळलं, तिथे कळलं. नऊ वर्षांची पोर पंधरा दिवस हे पोटात घेऊन शाळेत जात होती, डबा खात होती, वेणी घालून घ्यायला माझ्यासमोर पाठ करून बसत होती. आणि मी तिची वेणी घालताना स्वतःच्याच पापाचा विचार करत होते.

"नाही," मी म्हणाले. "तू सांगितलंस म्हणून देव बाळाला नेत नाही. तो असा नाही. तुला पनिशमेंट नाही, बाळाला तर नाहीच नाही."

"आणि तुला?" तिनं विचारलं.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मला हो म्हणायचं होतं. पंधरा दिवस मी तेच धरून बसले होते, आणि खरं सांगायचं तर मला त्याची सवय झाली होती. पण मी स्वतःला शिक्षा झाली म्हटलं असतं तर तिला झाली नाही यावर तिनं कधीच विश्वास ठेवला नसता. दोघींनी एकच गोष्ट मागितली होती.

"मलाही नाही," मी म्हणाले. तेव्हा माझा त्यावर विश्वास नव्हता. केवळ तिच्यासाठी म्हणाले. पण एकदा तिला शब्द दिल्यावर तो पाळणं भाग होतं.

नवऱ्यानं तिला मांडीवर घेतलं आणि मला एवढंच विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

दुसऱ्या दिवशी एसटीडी बूथवरून आईला फोन लावला. मी रागातच होते. म्हटलं, असं कसं लिहिलंस तू मला? मग मुलीचं सगळं सांगितलं. आई म्हणाली, "तुझ्याआधी माझी दोन गेली. तुला कधी बोलले नाही. तेव्हा वाटायचं, देवाचं माझ्याकडे लक्षच नाही. ते वचन वाचलं आणि वाटलं, शिक्षा का होईना, लक्ष तर आहे. मला तेवढ्यावर उभं राहता आलं." मग म्हणाली, "चाळीस वर्षं मी सगळ्या बायकांना तेच वाचून दाखवत आले गं." तिचा आवाज इतका लहान झालेला मी कधी ऐकला नव्हता. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मी काचेला टेकून उभी राहिले.

घरी येऊन हिंदी शास्त्र उघडलं. म्हटलं, तिथे तरी बरं काही असेल. तिथे त्या जागी 'ताड़ना' होतं, म्हणजे मारच; आगीतून फुफाट्यात. शेवटी रविवारी पाळकसाहेबांना गाठलं. ते म्हणाले, मूळ भाषेतला शब्द मूल वाढवण्याचा आहे, त्यात शिकवणं आलं, रागावणंही आलं. म्हणजे मुलगी निम्मी बरोबर आणि आई निम्मी. मला निम्मं नको होतं, पण मिळालं ते घेऊन आले.

मुलीचं मात्र त्यानं भागलं नाही. ती उतारा वाचायची, बोध सांगायची आणि प्रार्थनेची वेळ आली की ओठ घट्ट मिटायची. एकदा विचारलं तर म्हणाली, "मी काही गलत बोलले आणि त्यानं ऐकून घेतलं तर?" देव ऐकतो यावर आमच्या घरात सगळ्यात जास्त विश्वास तिचा होता, आणि त्याच विश्वासानं तिचं तोंड बंद केलं होतं. आम्ही जबरदस्ती केली नाही. तिच्यासमोर कुणीतरी बोलायला हवं म्हणून मी बोलायला लागले. रोज एकच वाक्य म्हणायचे, "प्रभू, तू चांगला आहेस असं मी धरून चालते." काही दिवस ते सांगताना मला त्याचा रागही यायचा. तरी म्हणायचे.

जानेवारीत तिची परीक्षा आली. सायन्सच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी मी माझं वाक्य म्हटलं, नवऱ्यानं त्याचं म्हटलं, आणि आमेन म्हणणार तोच ती बोलली. "देवा, उद्याचा पेपर कॅन्सल कर."

नवऱ्यानं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. ती देवाची परीक्षा घेत होती हे आम्हा दोघांनाही कळलं. सकाळी उठून खिडकी उघडली तर समोरची इमारत दिसत नव्हती. इतकं धुकं. दिल्लीत धुक्यानं शाळा बंद व्हायला वेळ लागत नाही. मी तिथेच गज धरून उभी राहिले आणि बाळ गेल्यापासून पहिल्यांदा देवाकडे काहीतरी मागितलं. पेपर होऊ दे. कसाही कर, पण आज पेपर होऊ दे. ती युनिफॉर्म घालून दारात उभी होती, बसच्या हॉर्नकडे कान लावून. बस अर्धा तास उशिरा आली.

दुपारी मी रजा टाकून घरीच थांबले होते. दार उघडलं तर ती धापा टाकत उभी. चार मजले धावत चढून आली होती.

"मम्मा, पेपर झाला."

"कसा गेला?"

"एकदम बेकार. दोन क्वेश्चन सुटले." ती हसत होती. "त्यानं नाही ऐकलं मम्मा. बिल्कुल नाही ऐकलं."

मग तिचं हसू मोडलं. दप्तर पाठीवर तसंच ठेवून ती माझ्या पोटाला मिठी मारून रडायला लागली. या सगळ्या दिवसांत ती एकदाही रडली नव्हती.

"मला पण बाळ हवं होतं," ती म्हणाली.