सत्याग्रहाच्या यादीतलं एक नाव

आमच्या लालबागच्या चाळीत गॅलरी एक आणि कान शंभर, त्यामुळे किस्से साठवायला वेगळी जागा लागायची नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या वर्षांत तर रोज एक नवा! आता सांगायला बसलो की एकाच्या मागून दुसरा निघतो.

*

तेव्हा सत्याग्रहाला जायच्या पाळ्या लागत. दर खोलीतून एक माणूस. पाळ्या लावायचे बापू, चाळीत वयाने मोठे आणि आवाजाने त्याहून मोठे. यादी लिहायचो मी, कारण मी कचेरीत कारकून आणि अक्षर बरं.

एकदा बापूंनी स्वतःच्या खोलीपुढे बायकोचं नाव घातलं. काकूंनी विचारलं, "आणि तुम्ही?"

"मी यादी सांभाळतो."

"यादी मी सांभाळते. तुम्ही निघा!"

बापू दुसऱ्या दिवशी आत.

*

पलीकडच्या चाळीतले कांबळे एका सकाळी आले. यादी मागितली, शांतपणे वाचली. म्हणाले, "आमच्या चाळीतलं एकही नाव नाही. विसरलात, की विचारलंच नाही?"

मी म्हणालो, "तुमची चाळ वेगळी ना..."

"लाठी मारताना पोलीस चाळ विचारत नाही, कारकून!"

मी मान खाली घालून नावं लिहून घेतली. पहिलं त्यांचंच.

*

आमच्या लोकांचा प्रवास म्हणजे मुंबई ते कोकण, तोही बोटीने. घाट कुणी पाहिलेला नव्हता. बापूंच्या तुकडीला पोलीसगाडीतून घाटावरच्या तुरुंगात नेलं, तेव्हा खंडाळ्याला बापू हवालदाराला म्हणाले, "जरा थांबवा की, दरी बघू." हवालदार निघाला सातारचा. त्याने खरंच गाडी थांबवली!

सुटून आल्यावर आम्ही विचारलं, मार किती बसला? बापू म्हणाले, "ते जाऊ दे रे. खंडाळा बघून ये एकदा!"

*

मग गोपाळ सावंतची पाळी आली. गोपाळ मिलमध्ये कायम कामगार. नेमकी त्याच सकाळी त्याची धाकटी मुलगी तापाने फणफणली आणि तो तिला घेऊन इस्पितळात धावला. शेजारच्या खोलीतला विश्राम परब त्याच मिलमध्ये बदली कामगार होता. कुणी कायम माणूस आला नाही, तरच त्याला काम.

विश्राम म्हणाला, "मी जातंय त्याच्या जागेर. माझा रोजचाच काम ह्या!"

मी यादी आदल्या दिवशीच समितीला दिली होती. आता कुठे खोडाखोड करायची, म्हणून मी विश्रामला सांगितलं, "नाव राहू दे, गोपाळचं पुकारलं की नुसतं हजर म्हण." त्याने म्हटलं. दोन महिन्यांची शिक्षा झाली, गोपाळ सावंतच्या नावावर. तो माझा आळस मला अजून टोचतो.

*

तुरुंगातून विश्रामच्या आईला पत्रं यायची, खाली सही 'तुझा गोपाळ', कारण तिथल्या दप्तरी तो गोपाळच. म्हातारीला वाचता यायचं नाही. मी 'तुझा विश्राम' असं वाचून दाखवायचो. एकदा मी नसताना बापूंनी पत्र वाचलं, आणि जसंच्या तसं वाचलं!

म्हातारी दारात बसून म्हणाली, "माझ्या झिलान तुरुंग भोगल्यान, नि नाव लागला सावंताचा. उद्या कोणी इचारल्यान तर काय दाखवू?"

गोपाळ मागेच उभा होता. त्या दिवसापासून तो मागच्या जिन्याने जाऊ लागला. विश्राम सुटून आला आणि हसून म्हणाला, "नाव कोणाचाय असांदे, माणूस तर आत गेलो ना?" पण म्हातारी हसली नाही, आणि गोपाळही.

*

महाराष्ट्र झाला. पटांगणात तुरुंगवास भोगलेल्यांचा सत्कार ठरला. विश्रामचं नाव घाला म्हणून मी पाहुण्यांना विनवलं, पण त्यांच्या हातात सरकारी यादी होती. "यात आम्ही कसं लिहायचं?" ते म्हणाले. म्हातारी पुढच्या रांगेत, विश्राम तिच्या शेजारी. गोपाळ मुलीला घेऊन अगदी मागे.

"श्री. गोपाळ सावंत!"

कुणी हललं नाही. पाहुण्यांनी पुन्हा पुकारलं. सगळी चाळ मागे वळून पाहू लागली. बापू कुजबुजले, "जा ना रे, हार घे आणि मोकळा हो."

गोपाळने मुलीला खाली ठेवलं. उभा राहिला, आणि मिलच्या गेटवर हजेरीवाला पुकारतो तशा खणखणीत आवाजात ओरडला,

"गोपाळ सावंत गैरहजर! बदली, विश्राम परब... हजर!"