हणमंतची न उघडणारी मूठ

हणमंत माने मला कधीच आवडला नाही. आम्ही दोघं सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले आणि लखनौत निशातगंजच्या एकाच गल्लीत समोरासमोर आमची गलाईची दुकानं. सराफांची मोड, म्हणजे जुने मोडके दागिने, त्यांच्या डोळ्यांदेखत वितळवायची आणि लगड करून परत द्यायची, हा आमचा धंदा. आमच्या तालुक्यातली पोरं देशभर हेच करतात, पण हणमंतचा तोरा असा, की चिमटा धरायला जगाला यानंच शिकवलं. पंचवीस वर्षं इथं काढून हिंदी बोलायचा तीही विट्याच्या बाजारात वांग्याचा भाव केल्यासारखी. आणि चिकट तर इतका, की मुशीला, म्हणजे सोनं-चांदी वितळवायच्या भांड्याला, तडा गेला तरी ती टाकून द्यायला याचा जीव व्हायचा नाही.

शेवटी ती मूस फुटलीच. वितळलेली चांदी उजव्या तळव्यावर सांडली. जखम भरली, पण बोटं आत वळली ती वळलीच. खोटं कशाला बोलू, अपघाताच्या दिवशी मला वाईट वाटलं. दुपारपर्यंत. दुपारी रस्तोगी लालाजी त्यांची मोड घेऊन माझ्या पायरीवर आले.

हे लालाजी इंदिरा नगरातले सराफ. ‘आप आप’ करत माणसाच्या खिशात डोकावणारी जात. पण हणमंतची चूल त्यांच्याच कामावर पेटायची. ते काम कायमचं माझ्याकडं आलं असतं, तर त्याला दुकानाला कुलूप लावून गावी जावं लागलं असतं, आणि गावी त्याला विचारतंय कोण?

तर हा पठ्ठ्या डावा हात शिकवायला बसला. सोप्या कामाला आपल्यात डाव्या हातचा मळ म्हणतात. म्हणणाऱ्यानं डाव्या हातात चिमटा कधी धरला नसावा. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी फरशीवर वर्तमानपत्र पसरायचा, त्यावर एक बाटली ठेवायचा आणि मुशीत पाणी भरून ती डाव्या हातातल्या चिमट्यानं उचलून बाटलीच्या तोंडात ओतायला बघायचा. पाणी बाटली सोडून सगळीकडं. समोर बसून चहा पिता पिता मी मजा बघायचो.

“हणमंत, गोमतीला पूर आणतोस की काय?”

तो मूस पुन्हा भरायचा. शर्टाचं एक बटण चुकलेलं, छातीवर वरणाचा डाग. डाव्या हातानं घास घ्यायचा नाही, असा त्याच्या बायकोचा, चंद्रप्रभावहिनींचा, दंडक, म्हणून चमचा. आणि तोही तोंडापर्यंत धड पोचायचा नाही. पन्नाशीच्या माणसाची बालवाडी नुसती! त्याची मुलगी अंतरा कॉलेजला जाताना थांबून म्हणायची, “पापा, छोड़ दो ना. नहीं होगा.” तिला तरी अक्कल होती. वहिनी मात्र एक शब्द न बोलता ओले कागद उचलून दोरीवर वाळत घालायच्या, दुसऱ्या दिवशी तेच पसरायला. नवराबायको सारखेच चिकट.

चार महिने हे चाललं. मग एका सकाळी दोरीवर कागद दिसला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. म्हणजे पाणी आता बाटलीतच पडत होतं, आणि लालाजींचं काम माझ्या हातून चाललं होतं.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. गलाईत गिऱ्हाईक काम करणाऱ्या हाताकडं बघत नाही, मोकळ्या हाताकडं बघतं. चोरी करायची तर तोच हात करतो. म्हणून मोकळा हात तळवा वर करून ओट्यावर उघडा ठेवायचा, हा रिवाज. आणि हणमंतचा मोकळा हात आता उजवा, न उघडणारा. मी लालाजींना एवढंच म्हणालो, “लालाजी, काम तो सीख गया है. बस मुट्ठी बंद रखता है.”

दोनच वाक्यं. खोटं त्यात काहीच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात लालाजी मोडीच्या दोन पुड्या घेऊन गल्लीत आले. एक हणमंतची परीक्षा म्हणून, दुसरी नेहमीसारखी माझ्यासाठी. हणमंतनं भट्टी पेटवली, मोड मुशीत घातली. सोनं पाणी झालं आणि चिमट्याला हात घालणार, तोच लालाजी गोड आवाजात म्हणाले, “हाथ खुला रखिए, भाईसाहब.”

“खुलता नहीं, लालाजी. आप पकड़ लो.”

त्यानं उजवा हात पुढं केला. तो व्रण बघून लालाजी दोन पावलं मागं सरले. हणमंतनं मान वर करून गल्लीपलीकडं माझ्याकडं पाहिलं.

“राजाराम, इकडं ये. धर माझा हात. बोटं उघड आणि आत काय आहे ते सांग लालाजींना. तुझं ऐकतात ते.”

तुझं ऐकतात ते. म्हणजे याला सगळं ठाऊक होतं. मी गेलो, न जाऊन सांगतो कुणाला? त्याच्या शेजारी बसून एकेक बोट मागं ओढू लागलो. कातडी ताणलेली, चकचकीत. तिसऱ्या बोटाला त्याच्या जबड्याची शीर फुगली. पण डाव्या हातानं मूस उचलली होती, ती तसूभर हलली नाही. सोनं धार धरून साच्यात उतरलं, थेंबही बाहेर नाही. लालाजी सोन्याकडं बघतच नव्हते. ते माझ्या तोंडाकडं बघत होते.

“क्या है?”

त्या तळव्यात मुगाचा दाणा मावला नसता.

“कुछ नहीं, लालाजी,” मी म्हणालो. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

लालाजींनी लगड तोलून घेतली. मग माझ्यासाठी आणलेली दुसरी पुडीही हणमंतपुढं सरकवली.

“सोड आता,” हणमंत हळूच म्हणाला. “दुखतंय.”

मी अजून त्याची बोटं धरूनच बसलो होतो.