ज्याला आरंभ नाही, तो एकटा होता का?

आप्पा गेले आणि माझे हात जोडले जाईनासे झाले. देवावर राग नव्हता. रागावायला समोर कुणीतरी लागतं, आणि माझ्यासमोर कुणी आहे असं वाटतच नव्हतं. सकाळी न्हाऊन मी देवापुढे बसायची, वात लावायची आणि भिंतीकडे पाहत राहायची. लातूर नवा जिल्हा झाला, सरकारी दवाखाना वाढला आणि माझी नांदेडहून इथे बदली झाली. माझं लग्न झालेलं नव्हतं, भाऊबहीण नव्हते. गिरणीतून निवृत्त झालेल्या वडिलांना, म्हणजे आप्पांना, मी सोबत घेऊन आले. दोन खोल्यांच्या त्या घरात आम्ही दोघंच. मग त्या दुष्काळाच्या उन्हाळ्यात मी एकटीच उरले.

आप्पा भजनी माणूस. माझ्यासोबत काम करणाऱ्या कांबळे सिस्टर बौद्ध, जग निर्माण करणारा कुणी आहे हे न मानणाऱ्या. ड्यूटी संपवून त्या आमच्याकडे चहाला आल्या की दोघांचा वाद रंगायचा. आप्पा म्हणायचे, "जे सुरू झालं त्याला सुरू करणारा लागतो. हे जग सुरू झालं, म्हणून देव हाय."

"मग देवाला कुणी सुरू केलं, आप्पा?"

"त्यो सुरू झालाच न्हाई, बाई. त्यो हायच. जे कधी सुरूच झालं न्हाई, त्याला सुरू करणारा कशाला लागंल?"

कांबळे सिस्टर हसायच्या. "हेच मी जगाबद्दल म्हणून राहिले. तुमी देवाला सुरुवात नको म्हणता, मी जगाला नको म्हणते. मधी एक पायरी कशाला वाढवता?"

यावर आप्पा खूश व्हायचे. "सवाल कडक हाय तुझा," म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठता उठता जबाब शोधायचे. "जग बदलतंय, झिजतंय. जे झिजतंय ते कायमचं कसं असंल? तिला सांग." मी दवाखान्यात जाऊन निरोप द्यायची. असा तो खेळ वर्षभर चालला. त्यात कुणी हरलं नाही आणि कुणी दुखावलंही नाही.

मग आप्पांचं दुखणं वाढलं आणि खेळातला तोच प्रश्न त्यांच्या उशाशी येऊन बसला. एका दुपारी मी त्यांचं अंग पुसत होते. नळाला पाणी नव्हतं, टँकरचं पाणी जपून वापरायचं म्हणून फडका ओला करून पिळून घेतलेला. ते छताकडे पाहत म्हणाले, "त्याला सुरुवात न्हाई, हे पटतंय मला. पण मग जग व्हायच्या आधी त्यो एकटाच होता का गं? इतका येळ? कुणीच नव्हतं त्याच्यासंगं?"

मी नर्स आहे. मरणाच्या दारात माणसं काय काय विचारतात ते मी ऐकलेलं. पण असला प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी खरं तेच सांगितलं, "मला ठाऊक न्हाई, आप्पा."

"मला बी न्हाई," ते म्हणाले आणि माझं मनगट धरून डोळे मिटले. त्यानंतर ते फारसं बोलले नाहीत.

ते गेल्यावर त्या प्रश्नाला माझ्याच मनात वेगळी धार आली. ज्याला आदि नाही, अंत नाही, त्याने कधी काही गमावलंच नसणार. त्याला बाप नाही, म्हणून बापाचा मृत्यूही नाही. मग माझ्या रिकाम्या खोलीचं त्याला काय कळणार? एवढ्या मोठ्या, एवढ्या जुन्या असण्याशी माझं नातं तरी काय? कांबळे सिस्टर रोज भाकरी घेऊन यायच्या, जवळ बसायच्या. वाद त्यांनी एकदाही काढला नाही. खरं तर त्यांनी काढावा असं मला वाटायचं.

आप्पांचं मूळ गाव इस्लापूरच्या बाजूला. लहानपणीच ते सुटलं, पण अस्थी सहस्रकुंडाला सोडाव्यात अशी त्यांची इच्छा होती. दूषित पाण्यामुळे हगवणीच्या रोग्यांनी वॉर्ड भरलेला. कांबळे सिस्टरांना रजा मिळणं शक्य नव्हतं. मी एकटीच निघाले. अहमदपूर, लोहा करत एस.टी. नांदेडला आली, तिथून दुसरी गाडी. खिडकीतून सगळीकडे उघडी शेतं आणि रस्त्याच्या कडेला खडी फोडणारी माणसं. मांडीवर अस्थींचा तांब्या, त्याला बांधलेलं पांढरं फडकं. शेजारी बसणारा प्रत्येक जण ते पाहायचा आणि जरा सरकून बसायचा.

सहस्रकुंडाला पैनगंगा कोसळते असं आप्पांकडून ऐकलं होतं. मी पोचले तेव्हा धबधबा नव्हताच. काळ्या खडकाची उघडी भिंत, आणि खाली खोलात हिरवट पाण्याचं एक डबकं. वर महादेवाच्या देवळात दोनचार माणसं सावलीला पडलेली. कुणाला सोबत चला म्हणायचा संकोच वाटला. तांब्या छातीशी धरून मी खडकावरून उतरू लागले आणि अर्ध्या वाटेत पाय सटकला. तांब्या सांभाळायच्या नादात सगळं वजन घोट्यावर आलं. हाड मोडल्याचा आवाज मला ओळखता येतो.

हाका मारल्या. खडकांत त्या विरून गेल्या. ऊन डोक्यावर, दगड तव्यासारखे तापलेले. हलता येईना. तेव्हा मनात आलं, आपण इथे मेलो तर कळवायचं कुणाला? आप्पांचा प्रश्न तोंडून मोठ्याने निघाला. "कुणीच नव्हतं का रे तुझ्यासंगं?" तो मी देवाला विचारला की स्वतःला, आजही सांगता येत नाही.

थोड्या वेळाने शेळ्यांचा आवाज आला आणि पाठोपाठ एक म्हातारी. तिला मराठी येत नव्हती, मला तेलुगू येत नव्हती. माझा पाय पाहून ती वर तोंड करून जोरात ओरडली. देवळातून कुणीतरी ओ दिली. मग ती माझ्या आणि सूर्याच्या मध्ये उभी राहिली, पदर दोन्ही हातांनी ताणून धरला आणि तिची सावली माझ्या तोंडावर पडली. ती अनवाणी होती. पाय भाजत असणार. मध्येच एक शेळी खाली घसरली तशी ती वळली आणि मी लहान पोरीसारखी ओरडले, "जाऊ नका!" तिने मागे वळून पाहिलं आणि म्हणाली, "नेनुन्ना, बिड्डा." त्यानंतर मी कण्हले की दर वेळी तेच शब्द. "नेनुन्ना, बिड्डा."

कधीतरी तिची नजर तांब्याकडे गेली. तिला समजलं. तिने हात पदराला पुसले, कपाळाला लावले आणि माझ्यापुढे पसरले. मी आप्पांना त्या हातांत दिलं. ती सावकाश खाली उतरली, डबक्याच्या काठाशी बसली आणि एखाद्या बाळाला न्हाऊ घालावं तसं ओंजळीने पाणी घालत तिने त्यांना सोडलं. मी वरून हात जोडले. इतक्या दिवसांनी ते आपोआप जोडले गेले.

गाडी जुंपून घेऊन देवळातली माणसं आली. त्यांनी मला उचलून वर बैलगाडीत निजवलं. म्हातारी तोवर शेळ्यांमागे पलीकडची चढण चढू लागली होती. नावही विचारायचं राहिलं.

गाडीवानाला मी विचारलं, "कोण होत्या त्या?"

"हद्दीपलीकडच्या तेलुगू वाडीच्या असतील. तिकडं पाणी न्हाई, म्हणून लई लोक जितराबं घेऊन हिकडं आलेत."

"नेनुन्ना म्हंजे काय हो?"

"मी हाय, असं म्हणत्यात तेलुगूत."

"आणि बिड्डा?"

"बिड्डा म्हंजे लेकरू." त्याने मागे वळून पाहिलं. "लई दुखून राहिलं का, बाई? बैल हळू घेऊ का?"

मी हुंदके देत होते. पण पायासाठी नाही.

लातुरात पाय प्लास्टरमध्ये असताना सगळी हकिकत कांबळे सिस्टरांना सांगितली. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "ताई, म्हंजे ती म्हातारी देव होती म्हणता?"

"न्हाई. म्हातारीच होती. दुष्काळानं तिकडं आलेली."

"मग आपलं भांडण न्हाई," त्या म्हणाल्या आणि माझ्या पायाखालची उशी नीट केली.

देवाला आरंभ हवा की नको, हे मला आजही सिद्ध करता येत नाही. आप्पांचा जबाब बरोबर की कांबळे सिस्टरांचा सवाल, तेही ठरवता येत नाही. मात्र ज्या दुपारी मला एक पाऊलही टाकता येत नव्हतं, त्या दुपारी जवळचं सगळं दुसऱ्याच्या हाती द्यावं लागलं, आणि ते हात जपणारे निघाले. शरण जाणं म्हणजे हरणं असं मी समजत होते. त्या खडकावर मला त्यात विसावा मिळाला. त्या माउलीचे भाजलेले पाय आठवले की डोळे भरतात. सकाळी देवापुढे बसते तेव्हा आता मी आप्पांचा प्रश्न विचारत नाही; 'नेनुन्ना, बिड्डा' एवढंच कानात असतं. नुसती बसते, आणि वात शांत जळत राहते.