नाव न घेता सांगितलेला नवरा

"तुमच्या नवऱ्याचं नाव काय?" परीक्षक बाईंनी तुर्कीत विचारलं आणि मनीषानं कॅमेऱ्यावरची नजर काढून बाजूला पाहिलं. प्रश्न पहिल्या धड्यातला. मी नांदेडला माझ्या क्लासमध्ये, बाईंची परवानगी घेऊन, कॅमेरा बंद ठेवून ऐकत होते.

मी तुर्की शिकवते. मनीषा ही उमरीची लेक, चाकूरची सून, माझी ऑनलाइन विद्यार्थिनी. एका तुर्की कंपनीला गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायला माणूस हवा होता. काम घरबसल्या. ही ऑनलाइन परीक्षा त्याचीच. हे हुकलं तर लहान लेकीला घरी ठेवून तिला पुण्याला नोकरीला जावं लागणार होतं. त्या विचारानंच ती रडवेली व्हायची.

तिचं घोडं एकाच ठिकाणी अडायचं. दोन वाक्यं जोडायची म्हटली, की ती इंग्रजीतला 'हू' शोधायला लागायची.

"मॅडम, ह्यात 'जो' कुटं टाकायचा?"

"टाकायचाच नाही. 'जो माणूस चहा पितो तो' असं घरी म्हणतेस का?"

"न्हाई. चहा पिणारा माणूस म्हणतो."

"तुर्कीतही तेच. चाय इचेन आदाम. इचेन म्हणजे पिणारा, आदाम म्हणजे माणूस."

"आन् मी केलेला चहा?"

"याप्तईम चाय. याप्तईम म्हणजे मी केलेला. आधी काम सांगायचं, मग माणूस नाहीतर वस्तू. संपलं."

तिला पटायचं. पण बोलायला लागली की पुन्हा 'हू'.

तर परीक्षा. चाकूरच्या घरात नेट फक्त पुढच्या खोलीत येतं. तिथं सासूबाई शेंगा फोडत बसलेल्या. त्यांच्यासमोर नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही त्या घरची रीत. फोडण्याचा आवाज थांबला.

"काय इचारून राहिली गं ती?"

"ह्यांचं नाव."

"आगं बाई! नाव कशाला पायजे? कोन हाय ते सांग की."

मनीषानं एक श्वास घेतला. "याप्तईम एकमेई यियेन आदाम."

मी केलेली भाकरी खाणारा माणूस! दोन्ही रचना एका दमात, 'हू'चा पत्ता नाही. मी खुर्चीतून उठलेच. पलीकडे बाई खळखळून हसल्या. म्हणाल्या, "आणखी सांगा त्यांच्याबद्दल." मग मनीषाची गाडी सुटली. मोटारी दुरुस्त करणारा माणूस. लेकीला झोपवणारा माणूस. मी सांगितलेलं सामान हमखास विसरणारा माणूस. सासूबाईंना एक अक्षर कळत नव्हतं, तरी त्याही हसत होत्या.

आठवडाभरात मेल आला. नोकरी मिळाली. मनीषानं फोन केला तेव्हा मागं लेक ओरडत होती; त्या गलक्यातच तिनं मला मेल वाचून दाखवला. मेलच्या शेवटी बाईंनी लिहिलं होतं : वाक्यरचना उत्तम. नवऱ्याचं नाव मात्र अजून कळलेलं नाही.

आता हा धडा मी पुस्तकातून शिकवत नाही. क्लासमधल्या बायकांना सांगते, नाव न घेता नवरा कोण ते सांगा. तासाभरात धडा येतो. पुरुषांना मात्र अजून पुस्तकच लागतं.