अकरा हंगामी

एका यादीतून मी अकरा माणसं काढून टाकली. त्यांनी माझं काही बिघडवलं नव्हतं. त्यांतल्या एकालाही मी कधी पाहिलेलं नाही. ती सगळी दूरदेशची, बर्फावर हॉकी खेळणाऱ्या एका संघाची माणसं. त्यांना काढताना माझ्या डाव्या हातात चहाचा कप होता आणि मला बरं वाटत होतं. चुकीपेक्षा ते बरं वाटणंच मला जास्त छळतं.

मी हिंगोलीत एका शाळेच्या कार्यालयात कारकून आहे. कामातून सवड मिळेल तसा इंटरनेटवरच्या एका मराठी ज्ञानकोशासाठी लिहितो. हा कोश लोकच लिहितात, लोकच तपासतात, कुणाला काही मिळत नाही. नरसीजवळच्या माझ्या गावाच्या नोंदीत नदीची दिशा चुकली होती, ती दुरुस्त करायला म्हणून मी आत शिरलो आणि तिथलाच झालो. बाकीचे बहुतेक जण टोपणनावानं लिहितात. मी माझ्या खऱ्या नावानं लिहितो. त्याचा मला अभिमान होता.

कोशातली एखादी यादी फार चांगली उतरली तर तिला 'निवडक' असा मान मिळतो. त्याआधी आम्ही पाच-सहा जण तिची परीक्षा घेतो. त्या पानावर कुणी पाठिंबा देतं, कुणी विरोध, कुणी नुसती वेलांटी दुरुस्त करून जातं. माझी ख्याती विरोधाची होती. लोक म्हणत, ह्यांच्या नजरेतून सुटली ती यादी खरी.

मागच्या मार्गशीर्षात एक यादी परीक्षेला आली. परदेशातल्या एका आइस हॉकी संघाच्या पहिल्यापासून आतापर्यंतच्या सगळ्या प्रशिक्षकांची. मराठीत असा विषय कोण घेणार? करणाऱ्यानं एका फुलाचं टोपणनाव घेतलेलं होतं. यादी मात्र इतकी नेटकी की मला तिचा रागच आला. क्रमांक, नाव, हंगाम, सामने, जिंकलेले, हरलेले, शेरा असे रकाने होते आणि तळाशी सगळ्याची बेरीज. शेऱ्याच्या रकान्यात अकरा नावांपुढे एकच शब्द होता : हंगामी.

मी चूक शोधतच बसलो होतो. बाजूला 'हंगाम' रकाना दिसत होता, त्यामुळे मला वाटलं, लिहिणाऱ्यानं मशीनवर भाषांतर करून काहीतरी घोळ घातलाय. मी लिहिलं : "प्रत्येकच प्रशिक्षक हंगामात काम करतो. मग हे अकराच हंगामी कसे? का पेरणीपुरते आणले होते?"

सगळे हसले. एकानं लिहिलं, बियाणं कुठून आणलं विचारा. दुसऱ्यानं लिहिलं, बर्फावर पेरणी म्हणजे उगवण कमीच व्हायची.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. शांत, दोन ओळींचं. "हंगामी म्हणजे तात्पुरते. जुन्या प्रशिक्षकाला काढल्यावर नवा मिळेपर्यंत ज्याला उभं करतात तो."

वाचलं आणि कान गरम झाले. हंगामी नेमणूक, हंगामी स्वरूपात, पुढील आदेशापर्यंत. वीस-बावीस वर्षं मी हेच टाईप करत आलोय. हा शब्द कळायला हवा होता तर मलाच. तिथं "चुकलो" एवढा एक शब्द लिहायचा होता. पण लोक हसून झाले होते आणि ते माझ्या बाजूनं हसले होते.

मग मी नियम शोधला. तात्पुरत्या माणसांना यादीत जागा नको, असं लिहिलं. हा नियम कोशात कुठं नव्हता, तो आमच्या शाळेतून आला. मुख्याध्यापकांच्या खोलीत आजवरच्या मुख्याध्यापकांचा फलक आहे. तो रंगवून घेताना तेव्हाच्या सरांनी मला सांगितलं होतं, प्रभारी लोकांची नावं घालू नका, फलक लांबतो. मी घातली नव्हती. तेच इथं केलं. अकरा ओळी काढल्या, पुढचे क्रमांक वर सरकवले.

आणि तळाची बेरीज जुळेना. जुळणार कशी? त्या अकरा जणांनी जिंकलेले-हरलेले सामने तिच्यात होते. बेरीज जुळली नाही तर कारकुनाला जेवण जात नाही. मी बेरजेची ओळच काढून टाकली.

तिकडून एकच वाक्य आलं : "सामना झाला तेव्हा बाकामागे तेच उभे होते." बर्फावरच्या हॉकीत खेळाडू बाकावर बसतात आणि प्रशिक्षक त्यांच्यामागे उभा राहतो, हे मला त्या यादीनंच शिकवलं होतं. मी उत्तर दिलं, ज्ञानकोश भावनेवर चालत नसतो. चार दिवसांनी यादी परीक्षेतून मागे घेतलेली दिसली. ते फुलाचं नाव पुन्हा कुठंच उमटलं नाही.

त्या थंडीत मला एक सवय लागली. सकाळी फिरायला गेलो की तळ्याच्या काठी थांबायचो. धुकं पाण्याला टेकलेलं असायचं, पलीकडचा काठ नसायचाच. पाहता पाहता पाणी हलायचं थांबायचं, पांढरं व्हायचं, कडक व्हायचं. त्यावर एक बाक दिसायचं. खऱ्या मैदानातलं बाक मी पाहिलेलं नाही, म्हणून ते आमच्या शाळेतलंच असायचं, कर्कटकानं नावं कोरलेलं. त्याच्यामागे लांब कोट घातलेली माणसं ओळीनं उभी असायची. मी मोजायचो. अकरा. ती माझ्याकडे बघायची नाहीत. त्यांच्यासमोर काहीतरी चाललेलं असायचं, एक बारीक करकर ऐकू यायची, खडूसारखी. ती माणसं तिकडेच डोळे लावून असायची, जणू त्यांना कुणी अजून जायला सांगितलंच नव्हतं. मग ऊन यायचं, एखादी म्हैस पाण्यात उतरायची आणि सगळं वितळून जायचं.

एकदा मोजताना बारा भरले. शेवटच्याला चेहरा नव्हता.

फाल्गुनात नांदेडच्या एका सहकाऱ्याचा फोन आला. कोशासाठी लिहिणाऱ्यांना तो अधूनमधून एकत्र बोलावतो. बोलता बोलता म्हणाला, "अहो, ती बर्फाची यादी करणाऱ्या बाई तुमच्याच जिल्ह्यातल्या की. आखाडा बाळापूरच्या. स्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान आहे त्यांचं."

मला वाटत होतं ती यादी कुणीतरी पुण्यात बसून केली असणार, नाहीतर परदेशात. बाळापूर म्हणजे नांदेडच्या रस्त्यावर, आमच्यापासून बसनं जेमतेम तासाभरावर.

तरी जायला चैत्र उजाडला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळद वाळत घातली होती. बसच्या खिडकीतून तो वास आत येत होता, आणि मी माफीची वाक्यं जुळवत होतो. कळमनुरीपर्यंत ती चांगली जमली होती. बाळापूरला उतरलो तर एकही आठवेना.

दुकान लहान होतं. शेजारी रसवंती. आत साठीच्या एक बाई, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. बाकड्यावर एक आजोबा सातबाऱ्याची प्रत निघायची वाट बघत होते. मी खिशातलं ओळखपत्र काढून पुढं केलं.

"किती काढू?"

"एकच."

त्यांनी कार्ड काचेवर ठेवलं, झाकण लावलं, पुन्हा उघडलं. चष्मा डोळ्यांवर चढवून नाव वाचलं.

"ज्ञानकोशातले सर तुमीच का?"

खऱ्या नावाचा अभिमान त्या क्षणी गेला. मी मान हलवली.

"आसं व्हय." त्यांनी बटण दाबलं. यंत्राचा उजेड कार्डाखालून सरकत गेला. "मला वाटलं, लई म्हातारं माणूस असंल. किती रागराग लिहून राहिले होते!"

आजोबांनी विचारलं, "कोन हाईत बाई? सायब हाईत का?"

"सायब न्हाई. तपासनीस हाईत."

"कशाचे?"

"बर्फाचे."

आजोबांनी मला खालून वर पाहिलं आणि रसवंतीकडे बोट केलं. "मग ह्याचं तपासा की. रस कमी अन् बर्फच लई घालून राहिला."

बाई हसल्या. मलाही हसू आलं. त्यांनी स्टूल पुढं ढकललं. "बसा. झेरॉक्सला हिंगोलीहून आले व्हय? तिकडल्या मशिनी बंद पडल्या काय?"

मी बसलो. विचारायचं नव्हतं ते विचारलं, तुम्ही आधी काय करत होता म्हणून.

"मास्तरीण. हंगामी." हा शब्द त्यांनी जराही जोर न देता उच्चारला. "कुणी बाळंतपणाला गेली, कुणाला टायफाइड झाला, त्याच्या जागी मी. ती आली की मी घरी. आसं करत करत केसं पांढरे झाले. कायम काही झाले न्हाई."

"म्हणून तुम्ही त्या अकरा जणांना..."

"न्हाई हो!" त्यांनी हात झटकला. "त्याच्यासाठी काहून करू? उन्हाळ्यात ह्या पत्र्याखाली बसून जीव नुसता उकडतो. म्हटलं, बर्फाचं काहीतरी वाचावं. वाचता वाचता गोडी लागली. दुपारभर मोबाइलवर अंगठ्यानं लिहायचे. गिऱ्हाईक आलं की थांबायचे, गेलं की पुन्हा बर्फावर." त्या बाहेर बघत होत्या. "त्यात एक जण होता. जुन्या प्रशिक्षकाला सकाळी काढलं अन् संध्याकाळी ह्याला उभं केलं. चार सामने. चारी हरला. मग ह्यालाबी घरी धाडलं. मी म्हटलं, हरला तर हरला. उभा तर राहिला ना? त्याला तुमी काहून काढलं, सर?"

आता खोटं बोलायला जागा नव्हती. मी म्हणालो, "हंगामीचा अर्थ तुम्ही सांगितला तेव्हाच मला माझी चूक कळली होती. पण सगळे हसले होते. मग मागं येववेना. नियम मी नंतर शोधला."

"ते मला तवाच कळलं."

"कसं?"

"बेरजेची ओळ काढली न्हाई का तुमी?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच जड होतं. "माणसं काढली ते मी समजून घेतलं असतं. असंल बाबा तुमचा नियम. पण बेरीज कोन काढतं? ज्याला म्हाईत हाय की जुळत न्हाई, तोच."

एवढ्या वर्षांत मुख्याध्यापकांनी, तपासणीवाल्यांनी, कुणीही मला इतकं नेमकं पकडलेलं नाही.

मी हात जोडले. "बाई, मला..."

"हिथं नगं," त्या पटकन म्हणाल्या. "हिथं कोन हाय ऐकायला? ह्या आजोबाला काय त्याचं? तुमी हसले तिथं लिहा, सगळ्यांम्होरं. अन् त्याच्या आधी माणसं बसवा ज्याच्या त्याच्या जागी. बराबर?"

"बराबर."

"अन् तुमची झेरॉक्स घ्या."

बाहेर रसवाल्याची बर्फाची लादी आली होती. टेंपोतून उतरवून त्यानं ती ओल्या फरशीवर टेकवली, लोखंडी आकड्यानं एक हिसका दिला आणि एवढं वजन आवाज न करता सरकत गेलं. मागं पाण्याची एक सरळ, चकचकीत रेघ राहिली. मी बाईंकडे पाहिलं. त्याही दारात येऊन तेच बघत होत्या.

"मी पाहिलेलं बर्फ एवढंच," त्या म्हणाल्या. रसवाल्यानं लादीवर भुसा टाकला, पोतं पांघरलं. त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी घराची दारं-खिडक्या लावून मी संगणकापुढं बसलो. जुनी यादी उघडली. एकदम सगळी परत आणता आली असती, बटण दाबायचा अवकाश. मी तसं केलं नाही. एकेकाला आणलं. त्याचं नाव मनात वाचायचं, हंगाम बघायचा, सामने भरायचे, शेऱ्यात 'हंगामी' लिहायचं आणि पुढच्याकडे जायचं. चार सामने हरलेला सातवा होता. त्याच्या नावापाशी मी जरा थांबलो. बाहेर कडक ऊन होतं आणि खोलीत कुठूनतरी ती खडूची बारीक करकर येत होती. अकराही बसल्यावर बेरजेची ओळ परत घातली आणि कागदावर पुन्हा बेरीज केली, वरून खाली आणि खालून वर. जुळली.

मग परीक्षेच्या जुन्या पानावर गेलो. पेरणी, बियाणं, उगवण, सगळं तिथं तसंच होतं. त्याच्याच खाली, माझ्या खऱ्या नावानं, मी लिहिलं :

"वरची थट्टा मी सुरू केली. 'हंगामी' शब्द या यादीत बरोबर वापरलेला होता, चूक माझी होती आणि ती मला दुसऱ्याच दिवशी कळली होती. ती झाकायला मी कोशात नसलेला नियम पुढे केला, अकरा जणांची नावं काढली आणि बेरीज जुळेना म्हणून बेरजेची ओळही काढली. जे हसले ते माझ्यावर विश्वास ठेवून हसले, त्यांचा दोष नाही. नावं आणि बेरीज जागेवर ठेवली आहेत. यादीला माझा पाठिंबा आहे, पण तो मोजू नये. ज्यांनी ही यादी केली त्या बाईंची, आणि ज्यांना मी बाकामागून हटवलं त्या अकरा जणांची, मी इथं सगळ्यांसमोर माफी मागतो."